कोरी बाटली

४ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच फाडलं असशील तर प्रश्नच मिटला. उघडलं असशील तर पुढचं एक वाक्य वाच, बाकीचं नाही वाचलंस तरी चालेल. तुझा केशरी जंतू नवीन निघाला.

नवीन म्हणजे जगात आजवर कुणीच नोंदवलेला नाही असा. त्याच्या एका जनुकाची अक्षरं वाचून सोमवारी आली. माहितीतल्या सगळ्या जंतूंशी ती ताडून पाहिली तर सगळ्यात जवळचा नातेवाईक शंभरात शहाण्णव निघाला. सख्खा म्हणवून घ्यायला नव्याण्णवच्या आसपास लागतात, हे तूच मला शिकवलं होतंस. शहाण्णव म्हणजे लग्नाला बोलावलं नाही तरी न रुसणारा लांबचा चुलता. मॅडम तो कागद घेऊन तीन वेळा खोलीत आल्या आणि तीन वेळा तशाच बाहेर गेल्या.

मॅडम कोण ते तुला माहीत नसणार. साहेबांना वर बढती मिळाली, आता त्यांना जंतू दिसत नाहीत, नुसत्या फायली दिसतात. त्यांच्या जागी दोन वर्षांपूर्वी या आल्या. बुटक्या आहेत, चालतात भराभर, आणि फ्रिज उघडून माणसाची लायकी ठरवतात. मी या महिनाअखेर निवृत्त होतोय, म्हणून त्यांनी थंड कपाट माझ्याकडून ताब्यात घ्यायला सुरुवात केली. खालच्या कप्प्यात मागच्या बाजूला एक नळी राहून गेली होती. ती त्यांच्या हाताला लागली. तळ्याच्या पाण्याची, तुझ्या तीन नंबरच्या प्लेटवरची. बाकी सगळं तेव्हाच उकळून टाकलं होतं, ही तेवढी कशी वाचली कोण जाणे.

तर असं. तुला कळवावंसं वाटलं म्हणून कळवलं. तुझी मामी बरी आहे, गुडघा धरतो. मला घरात चैन पडत नाही. मघाशी मी मांडणीवरचे सगळे डबे उतरवून पुन्हा लावले, तर मामी म्हणाली, निवृत्तीनंतर असंच चालणार असेल तर मीच नोकरी धरते.

आणखी एक. मॅडम म्हणतात, जंतूचं नाव माझ्यावरून ठेवायचं. म्हणजे माझ्या आडनावाला मागून लॅटिन शेपूट लावून. जुन्या कर्मचाऱ्याचा मान म्हणे. मी नको म्हणालो. फार जोरात म्हणालो नाही.

तुझा
मामा


१३ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

उत्तराची वाट पाहिली नव्हती, तरी रोज दुपारी टपालाच्या खोलीत डोकावतो. तुझ्या आईला फोन केला. आक्का म्हणाली, "पत्र पोचलंय तिला. फाडलं नाही, एवढंच सांगते. मला मध्ये घालू नकोस." पुढे भावाबहिणीचं हवापाण्यावर बोलणं झालं. सहा वर्षं आम्ही हवापाण्यावरच बोलतोय.

इथे तुझ्या जंतूचे लाड चाललेत. मॅडमनी त्याला पाच वेगवेगळ्या उबेत ठेवून पाहिलं. चार अंशाला वाढतो, दहाला मजेत वाढतो, पंधराला कुरकुरतो, वीसला रुसतो. पंचविसाला मरतो. दहा अंशालाही ठिपका दिसायला बारा दिवस लागतात, हे तुला आठवत असेलच. बारा दिवस तू सकाळी येऊन प्लेट उजेडाकडे धरायचीस आणि म्हणायचीस, मामा, हा तुझ्यापेक्षा आळशी आहे.

आता तो दोन देशांतल्या दोन जंतुसंग्रहांत जिवंत पोचवायचा. दोघांनी पोचपावती दिली की मगच नवी जात छापता येते, नाहीतर नुसती वार्ता. नळ्या बर्फात घालून पाठवायच्या आहेत. सोबत एक फॉर्म जातो. कुठून मिळाला, किती खोलीवरून, कोणत्या तारखेला, आणि शेवटी एक चौकट: 'वेगळा कोणी केला'. मॅडमनी सगळं भरून त्या चौकटीत माझं नाव घातलं आणि फॉर्म सहीला माझ्या टेबलावर ठेवला. तो चार दिवस तिथेच आहे. मी त्याच्यावर रोज वेगळं काहीतरी ठेवतो. आज हातमोज्यांचा खोका आहे.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी उगाच तशी लिहिली. नळी राहून गेली नव्हती. अशी राहून जात नाही. तुला ठाऊक आहे, हा जंतू प्लेटवर काय, नळीत काय, दीड-दोन महिन्यांपलीकडे तग धरत नाही. मी त्याला ठेवला होता. दर सहा आठवड्यांनी नव्या नळीतल्या अगारच्या गोठलेल्या थरावर रेघा ओढायच्या, बारा दिवस थांबायचं, जुनी नळी कुकरमध्ये उकळून टाकायची. सहा वर्षांत पन्नासएक वेळा. खोल गोठवणीच्या फ्रिजला साहेबांचं कुलूप आणि साहेबांचं रजिस्टर, तिथे ठेवता येईना. म्हणून थंड कपाटात एका डब्यावर चिठ्ठी लावली: 'मामांचं औषध, हात लावू नये'. कुणी लावला नाही. मॅडमनी लावला. "मामा, हे केशरी औषध कशावर घेता?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, विसराळूपणावर.

हसल्या त्या. मीही हसलो.

का ठेवला, असं तू विचारशील. तुझी दोन वर्षं त्यात गेली होती, टाकवेना, असं समज.

मामी विचारते, कुणाला एवढी लांबलचक पत्रं लिहिता. तुला म्हणून सांगितलं. मग म्हणाली, माझंही विचारा. तर मामीने विचारलंय.

मामा


१७ फेब्रुवारी

भिंगरी,

असं समज असं लिहून पाकीट टपालात टाकलं आणि चार पावलं चाललो तोच वाटलं, पेटीत हात घालून परत काढावं. खाई त्याला खवखवे. हे पत्र मी कार्यालयात, जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. डबा उघडला नाही.

नळीतला जंतू तीन नंबरच्या प्लेटवरचा नाही. सहाही बाटल्यांच्या प्लेटा तुझ्या प्रबंधाच्या परीक्षेच्या आठवड्यात साहेबांच्या हुकुमावरून मीच कुकरमध्ये घातल्या. एक प्लेट तेवढी माझ्याकडे उरली होती. ती कोऱ्या बाटलीची. दोषाचा पुरावा म्हणून साहेबांनी फाइलला लावायला सांगितली होती. प्लेट फाइलला कशी लावतात ते त्यांनाच ठाऊक. ती मी ठेवून घेतली, आणि तीच आजवर जगवली.

हे मॅडमना माहीत नाही. त्यांना मी तीन नंबर सांगितलाय, आणि फॉर्मवर तेच आहे.

काल मामीला सगळं सांगितलं. तिला कोरी बाटली म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं, आणि सांगता सांगता मलाच ते पहिल्यांदा नीट दिसलं. मी म्हणालो, बघ, तळ्याचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं. पण बाटलीत सापडलेला जंतू तळ्यातलाच कशावरून? आपल्या हातचा, हवेतला, प्रयोगशाळेतल्या बेसिनमधलाही असू शकतो. म्हणून एक जास्तीची बाटली न्यायची. इथून उकळून निर्जंतुक केलेलं पाणी वर न्यायचं, तळ्याच्या काठी त्या बाटलीत ओतायचं, झाकण लावायचं आणि परत आणायचं. तिला तळ्याचा थेंबही लागता कामा नये. ही कोरी बाटली. तिच्यात काही उगवलं नाही तर आपले हात स्वच्छ. जो जंतू तळ्याच्या बाटलीतही उगवला आणि कोरीतही, तो आपल्याकडचा समजायचा.

मामी म्हणाली, "मग उगवला?"

उगवला. समितीच्या पंधरवडाभर आधी मी सगळ्या बाटल्यांतून ताज्या प्लेटा लावल्या होत्या, कोरीतूनही; तिच्यावर अकरा केशरी ठिपके. आणि ते समितीसमोर नेऊन दाखवणारा मीच. तू तुझ्या प्रबंधात एक ओळ लिहिली होतीस, की कोरी बाटली ग्राह्य धरलेली नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, का नाही? तू उत्तर द्यायच्या आत साहेब म्हणाले, "अहो, आहे ना. मामांनी लावली होती. आणा हो मामा." काय उगवलंय ते न बघताच मी मोठ्या तोऱ्यात ट्रे आणला. मला वाटलं, पोरीला मदत होतेय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग साहेबांचं ते वाक्य. हात स्वच्छ नसले की डोंगर चढावा लागत नाही, बेसिनमध्येही नव्या जाती सापडतात. सगळे हसले. वर, कोरी लपवली असाही अर्थ निघाला. आणि मग ते माझ्याकडे वळले. "मामा, कोरी तुम्ही भरलीत ना? तुमच्या हातून काही?"

मी म्हणालो, "साहेब, अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून बाटली चुकलेली नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण ऐक, ते म्हणताना मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच तसं वाटत होतं. वाक्य संपलं, साहेबांनी मान डोलावली, आणि माझ्या बोटांना ते पाणी आठवलं. डोक्याला नव्हे, बोटांना. वीस वर्षं मी क्षार मोजायच्या विभागात काढली. तिथला पहिला धडा, बाटली ज्या पाण्याने भरायची त्या पाण्याने आधी तीनदा विसळायची. जंतूंच्या बाटल्यांना हा नियम नाही, त्या निर्जंतुक होऊनच येतात, त्यांना विसळायचं नसतंच. मला हे माहीत होतं. पण त्या दिवशी काठाचा बर्फ हातोडीने फोडून, गुडघ्यावर बसून, बधिर हातांनी मी एकामागून एक सातही बाटल्या तळ्यात बुडवून तीनदा विसळल्या. सहांना त्याने काही झालं नाही, त्यांत तळ्याचंच पाणी जायचं होतं. सातवी कोरी होती.

हे मला त्या खोलीत, उभ्या उभ्या, ट्रे हातात असताना कळलं. अजून वेळ होता. तोंड उघडायचं होतं फक्त. तेवढ्यात तू म्हणालीस, "माझ्याच हातून काहीतरी झालं असेल." ते ऐकलं आणि, तुझ्यापासून काय लपवायचं, मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या आठवड्यात तू प्रबंध सोडून गेलीस. तीन आठवड्यांनी ती प्लेट चुकून दुपारभर माझ्या टेबलावर राहिली. मी काही ठिपके उचलून नव्या अगारवर ओढले, ते उगवलेच नाहीत. टेबलावरच्या साध्या उबेने मेले होते. कडेचे दोन तेवढे वाचले. तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली. आमच्या खोलीत जो एक दुपार काढू शकत नाही तो आमच्या बेसिनमध्ये कसा राहणार? हे साहेबांच्या डोक्यात यायला हवं होतं. त्यांच्या नाही आलं, माझ्या आलं, आणि मी अळीमिळी गुपचिळी.

आता मॅडम तो माझ्या नावाने जगात धाडतायत.

सगळं ऐकून मामीने काय केलं, सांगू? उठली, माझा रिकामा डबा घासायला घेतला आणि पाठ वळवूनच म्हणाली, "सहा वर्षं मी लोकांना सांगत आले, पोरगी शेफारली, मामाचे उपकार विसरली. मला हे बोलायला लावलंत तुम्ही." त्यानंतर कालपासून बोललेली नाही. गुडघा दुखतोय हेही सांगत नाही.

मामा


२१ फेब्रुवारी

भिंगरी,

मॅडमना सांगितलं.

तीन दिवस मागे लागलो होतो. पहिल्या दिवशी त्यांच्या खोलीत गेलो आणि गॅसच्या नळीबद्दल बोलून आलो. दुसऱ्या दिवशी त्या बैठकीत होत्या. तिसऱ्या दिवशी त्याच आल्या, हातमोज्यांचा खोका उचलला आणि म्हणाल्या, "मामा, आज नळ्या जायच्या आहेत. सही करा, म्हणजे तुम्ही सुटलात."

मी म्हणालो, हा जंतू तीन नंबरचा नाही, कोरीचा आहे. आणि मग सगळं. पत्रात लिहिलं तितकं चांगलं बोलता आलं नाही. विसळण्याचं सांगताना मी हाताने करूनही दाखवलं, तीनदा.

त्यांनी दार लावलं. "बसा," म्हणाल्या. मला बसवेना. त्यांनी विचारलं, कुणाकुणाला माहीत आहे? मी म्हणालो, बायकोला आणि भाचीला. "म्हणजे ज्यांना कळायला हवं होतं त्यांना सोडून सगळ्यांना," असं त्या म्हणाल्या. या वाक्याचा अर्थ मला नंतर लागला, पण ते लागलं मात्र तेव्हाच.

मग त्यांनी फॉर्म ओढला. चौकटीतल्या माझ्या नावावर एक रेघ मारली, फॉर्म माझ्याकडे फिरवला. "तिचं नाव लिहा. पूर्ण. तुमच्या अक्षरात." लिहिलं. एक अक्षर घसरलंय, ते मुद्दाम नाही.

मला वाटलं, संपलं. पण खरं दुखणं पुढेच होतं. मॅडम म्हणाल्या, "मामा, आता हा जंतू बिनपत्त्याचा झाला. कागदोपत्री तो अशा बाटलीतून आलाय जिच्यात तळ्याचं पाणी नव्हतंच. ते होतं असं आज फक्त तुम्ही म्हणताय. सहा वर्षांपूर्वी तुम्ही एक सांगितलंत, मागच्या महिन्यात दुसरं, आज तिसरं. छापणाऱ्यांना मी कोणतं खरं म्हणून सांगू?"

 आयुष्यभर माझ्या शब्दावर इथल्या नोंदी व्हायच्या. मामांनी केलंय ना, मग तपासायला नको. तीच माझी सगळी कमाई होती, आणि ती मी सहा वर्षांपूर्वीच उडवून बसलो होतो हे मला त्या खुर्चीमागे उभं राहून कळलं.

दोनच रस्ते आहेत. एक म्हणजे बर्फ उतरल्यावर कुणीतरी पुन्हा वर चढायचं, पाणी आणायचं आणि त्यातून हाच जंतू पुन्हा काढून दाखवायचा. म्हणजे वर्ष गेलं, आणि तोवर दुसऱ्या कुणाला सापडला तर त्याचा झाला. दुसरा रस्ता म्हणजे त्या दिवसाची, त्याच जागी लिहिलेली काही नोंद असेल तर. कुणी, कधी, कोणत्या बाटलीत काय केलं. मॅडमनी कपाटं धुंडाळली. तळ्यावरची वही इथे नाही. जाताना तू नेलीस.

त्या तुला स्वतः पत्र लिहिताहेत. मीही तेच मागतोय, पण माझ्यासाठी नव्हे हे नीट समजून घे. वहीत बाटल्या भरल्याची वेळ असेल, पाण्याचं तापमान असेल, माझ्या गाढवपणाविषयी काही नसेलच, कारण तू तेव्हा तापमान लिहीत होतीस आणि मी पाठमोरा होतो. तरी जे असेल ते पाठव. जंतू तुझा आहे. माझ्यावरच्या रागापायी त्याला बेवारशी ठेवू नकोस, एवढंच मागणं.

माझ्यावर राग ठेव. तो बरोबर आहे.

मामा


१ मार्च

भिंगरी,

काल माझा निरोप समारंभ झाला. साहेब प्रमुख पाहुणे. मॅडमनी मला आदल्या दिवशी विचारलं होतं, नको असेल तर रद्द करते. मी म्हणालो, नको, होऊ दे, मला तिथे काम आहे.

साहेब वीस मिनिटं बोलले. असे हात पुन्हा होणे नाही वगैरे. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठलो आणि म्हणालो, या हातांविषयी साहेबांची माहिती अपुरी आहे. मग तळं, सात बाटल्या, समिती, तुझं नाव, सगळं सांगितलं. आधी कागदावर लिहून नेलं होतं, पण चष्मा न लावताच, तसंच बोललो. संपलं. मागे एकाने सवयीने टाळ्या वाजवल्या आणि मधेच थांबला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. जाताना मला म्हणाले, "मामा, इतक्या जुन्या गोष्टी कशाला?" मी म्हणालो, "साहेब, तुम्ही चारचौघांत विचारलं होतंत, म्हणून चारचौघांत उत्तर दिलं." सहा वर्षांनी का होईना. बैल गेला आणि झोपा केला, हे मला कळतं.

मामी आली होती. रिक्षात म्हणाली, "गुडघा फार दुखतोय." म्हणजे बोलायला लागली.

हे सगळं तुला ऐटीत लिहायचं असं मी ठरवलं होतं. आज सकाळी उठलो, आता कामावर जायचं नाही हे लक्षात आलं, आणि पत्राला बसणार तोच मॅडमचा माणूस बोलवायला आला. तुझं पार्सल त्यांच्या नावाने आलं होतं. वही. आत पत्र नव्हतं, चिठ्ठीही नव्हती. मॅडमनी ती उघडून टेबलावर ठेवली होती. त्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वाचा. मी बाहेर जाऊ का?"

पान मी उतरवून घेतलंय. तुझंच आहे, पण माझ्या अक्षरातही ते कुठेतरी असायला हवं:

"११.४०. पाणी २ अंश. काठाला बर्फ, वारा खूप. बाटली १ ते ६ भरल्या. कोरी: मामाने सवयीने तळ्याच्या पाण्याने तीनदा विसळली, मग आपलं पाणी ओतलं. ही कोरी धरायची नाही, प्रबंधात तसं लिहिणे. मामाला सांगायचं नाही. त्याची बोटं निळी पडलीत, आणि हे कळलं तर मनाला लावून घेईल."

मॅडम म्हणाल्या, एवढं पुरे आहे, छापणारे याहून जास्त काही मागणार नाहीत. पान जोडून शोधनिबंध या आठवड्यात जाईल. पहिलं नाव तुझं. जंतूचं नाव काय ठेवायचं ते तू ठरव, तसं त्या तुला लिहितील. माझ्या आडनावाचं सुचवलंस तर मी भांडेन, हे आत्ताच सांगतो.

मी वही मिटली आणि घरी न जाता तसाच चालत सुटलो. नदीचा पूल ओलांडला, परत आलो, पुन्हा ओलांडला. सहा वर्षं मी हे तुझ्यापासून लपवत होतो. तुझ्यापासून. तू तर त्याच मिनिटाला, माझ्या पाठीमागे उभी राहून ते लिहून ठेवलं होतंस.

आता मला समितीचा तो मंगळवार पुन्हा पाहावा लागतोय. परीक्षकांनी का नाही असं विचारलं, तेव्हा तू वही उघडली होतीस. मांडीवर होती तुझ्या, उघडी, हेच पान. तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आधारासाठी पाहतेयस. नव्हे, तू वाट पाहत होतीस. मग मी माझं अठ्ठावीस वर्षांचं वाक्य बोललो. तू वही मिटलीस आणि म्हणालीस, माझ्याच हातून काहीतरी झालं असेल. एक पान पुढे सरकवलं असतंस तर तुझी पदवी वाचली असती, साहेबांची जीभ टाळ्याला चिकटली असती, आणि भर सभेत खोटा पडलो असतो मी.

त्या खोलीत खरं दोघांनाच माहीत होतं. मी माझ्यासाठी गप्प बसलो. तूही माझ्यासाठीच गप्प बसलीस.

तू दुधाच्या तपासणीत नोकरी धरलीस तेव्हा मी आक्काला म्हणालो होतो, पोरीला जिद्द नाही. हे तुझ्या कानावर गेलं असेल. गेलं नसेल तर आता गेलं.

माफी मी पत्रात मागणार नाही. पत्रात मला सगळं जमतं हे या महिन्यात दिसलंच आहे. सोमवारी सकाळच्या गाडीने निघतोय. चारला तुमच्या डेअरीची सुट्टी होते असं आक्काकडून काढून घेतलंय, तिच्यावर रागावू नकोस. मी फाटकाबाहेर उभा असेन. तुला यायचं नसेल तर मागच्या दाराने जा, मी सहापर्यंत थांबेन आणि परत फिरेन, दुसऱ्यांदा येणार नाही. आलीस तर बसायचं नाही, चहा नाही, मामीचंही काही सांगायचं नाही. त्या दिवशी साहेबांनी मला विचारलं होतं, तुमच्या हातून काही? त्याचं उत्तर तुला तेव्हाच ठाऊक होतं. तरी ते एकदा माझ्या तोंडून, तुझ्यासमोर उभं राहून निघायला हवं. तेवढं ऐक, मग जा म्हणालीस तर जातो.

मामा